बाकावरच्या मुलीचे दात

...आणि वर मलाच विचारतो, 'काका, तुम्ही पण?' अरे, मी पण म्हणजे काय? मी काय चोरी करताना सापडलोय? पासपोर्टचा फोटो काढायला आलास ना? मग बस की त्या स्टुलावर, तो खुंटीवरचा कोट चढव, केसांतून कंगवा फिरव, तो आरशाला दोरीने बांधलाय, ओढू नकोस, दोन गेलेत आधीच... आणि माझ्या तोंडात काय चमकतंय ते बघत बसू नकोस! पण नाही. स्वतःच्या तोंडात वर-खाली तारा, आणि माझ्या तारा बघून याला असा आनंद झाला, जसा काही जत्रेत हरवलेला चुलता सापडला. तुम्हाला सांगतो, छपन्नाव्या वर्षी माणसाने दातांना तारा लावल्या ना, की जग त्याच्याशी दुसऱ्या विषयावर बोलतच नाही.

आणि धंदा कसला आपला? फोटो स्टुडिओ! एकतीस वर्षं. एकतीस वर्षं मी त्या काळ्या कॅमेऱ्यामागे उभा राहून एकच वाक्य म्हणतोय, झोपेतसुद्धा म्हणतो अशी बायकोची तक्रार आहे. 'ओठ मिटा... हनुवटी जरा खाली... हं, आता हसा!' कोणीही येऊ दे. बँकेचा फॉर्म असू दे, नोकरीचा अर्ज असू दे, स्थळ दाखवायचं असू दे. ओठ मिटा, हनुवटी खाली, आता हसा. का ओठ मिटा? कारण दात म्हणजे कटकट. कोणाचा पिवळा, कोणाचा पडलेला, कोणाच्या हिरड्याच जास्त, आणि मग फोटो बघून गिऱ्हाईक म्हणणार, 'अहो, मी असा दिसतो?' आता तू असाच दिसतोस हे त्याच्या तोंडावर सांगायचं कोणी? त्यापेक्षा मिटा. मिटलेल्या ओठांचा फोटो आजवर कोणी परत आणलेला नाही.

आता तेच वाक्य मी तारांतून म्हणतो. 'आता हस्स्सा!' शिट्टी वाजते हो! 'स' म्हटला की शिट्टी, 'श' म्हटला की तुषार. परवा एक बाई, चांगल्या नटूनथटून आलेल्या, मी हनुवटी सरळ करायला जरा जवळ गेलो आणि 'सरळ बसा, समोर बघा' म्हणालो, तर पदराने गाल पुसायला लागल्या. आता माझा काय दोष? वाक्यात तीन 'स' आहेत!

बायको म्हणाली, अगदी पहिल्या दिवशी म्हणाली, 'अहो, या वयात? कोणाला दाखवायचेत?' म्हटलं, दाखवायचे नाहीत गं, खालचे दात एकमेकांवर चढलेत, मधे ब्रश जात नाही, हिरड्या सुजतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाड चांगलं असेल तर वयाचं काही नाही, फक्त वेळ जास्त लागतो. तर ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणते, 'इतकं कळत होतं तर पोरीचे तेव्हा का नाही दाखवलेत?'

संपलं. मी स्टुडिओत निघून आलो.

नाही, सांगतो. आता विषय निघालाच आहे तर सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा म्हातारा हौशीखातर तारा लावून बसलाय.

आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची. शाळेत दातांची तपासणी झाली, सगळ्या पोरांना रांगेत उभं करून, आ करा, पुढे चला, आ करा, पुढे चला. आणि घरी चिठ्ठी आली. पिवळ्या कागदाची. 'वरचा जबडा अरुंद. येणाऱ्या दातांना जागा कमी. लवकर तज्ज्ञांना दाखवावे.' लवकर! आता मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'अगं, दुधाचे आहेत अजून काही. पडतील, नवे येतील, आपोआप लागतील रांगेला.' आपोआप! दात काय तिकिटाच्या खिडकीशी उभे आहेत आपोआप रांगेला लागायला? पण मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो. चिठ्ठी हरवायला नको म्हणून स्टुडिओच्या काउंटरवरच्या काचेखाली सरकवली. बायको आठ दिवसांनी, 'अहो, चिठ्ठी.' मी म्हटलं, 'बघू.' शाळांच्या ओळखपत्रांचा हंगाम, दिवसाला दीडशे पोरं स्टुलावर चढून उतरतायत, मला मान वर करायला वेळ नाही. पुढच्या वर्षी परत, 'अहो, चिठ्ठी.' 'बघू.' चिठ्ठी अजून काचेखालीच आहे. पिवळी होती ती पांढरी झाली, पण अक्षर वाचता येतं. नको तेव्हा जास्तच वाचता येतं.

मग आला तो सुळा. डावीकडचा. त्याला खाली जागाच नव्हती, मग तो बिचारा वरच्या मजल्यावरच थांबला, हिरडीत, बाल्कनीत उभं राहून रस्ता बघावा तसा. आणि पोरगी हसायची कशी ठाऊक आहे? मान मागे टाकून, पोट धरून, सगळे दात, टाळू, पडजीभ, सगळं दाखवत! तिचं हसू स्टुडिओतून निघून रस्त्यापलीकडच्या शिंप्यापर्यंत जायचं. तो तिकडून मशीन थांबवून ओरडायचा, 'काय झालं रे?' त्याला विनोद माहीत नसायचा, तरी हसायचा. आणि मी? जन्मदाता बाप? मी कॅमेऱ्याला डोळा लावायचो आणि मला काय दिसायचं? सुळा! हसू दिसायचं नाही हो, सुळा दिसायचा. आणि तोंडातून आपसूक निघायचं, 'ओठ मिट बाळा... हनुवटी जरा खाली... हं, आता हस.' ती मिटायची. शहाणी होती.

एकदाच नाही मिटले. बाराव्या वाढदिवसाला. मी तिला या स्टुलावर बसवलेलं, मागे निळा पडदा, आणि माझी छत्री, ती लाइटची पांढरी छत्री हो, स्टँडवरून सुटून धपकन माझ्या डोक्यावर. पोरगी अशी हसली, अशी हसली! आणि माझं बोट बटणावर होतंच. आला फोटो. काय फोटो होता! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत तसा फोटो माझ्या हातून आला नाही.

आणि मी काय केलं? गप्प बसलो का? तसाच छापला का? छे! कारागीर ना मी! कॉम्प्युटरवर बसलो. आदल्याच दिवशी तिच्या वर्गातली एक मुलगी ओळखपत्राच्या फोटोला येऊन गेली होती, तिला मी ओठ मिटा म्हणायच्या आधीच तिने हसून टाकलेलं, आणि दात कसे? एकसारखे, स्वच्छ, एकही इकडे नाही की तिकडे नाही. तेच वय, तेच स्टूल, तोच लाइट, मानेचा कोनसुद्धा तोच. उचलले दात. हो, उचलले! कापले, आमच्या लेकीच्या तोंडात बसवले, कडा पुसल्या, हिरडीचा रंग जुळवला, ओठाची सावली घातली... अडीच तास खपलो. दुसरा फोटोग्राफर आला असता तरी ओळखू शकला नसता. मोठा करून फ्रेम केला. गुलाबी कागद गुंडाळला.

तिने कागद फाडला. बघितलं. मी वाट बघतोय की आता उडी मारेल, गळ्यात पडेल. तर म्हणाली, 'बाबा, हे दात कोणाचे?'

म्हटलं, 'तुझेच की!'

'नाही,' म्हणाली. 'ही माझ्या बाकावर बसते. मी रोज बघते हे दात.'

रडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, चार भांडी आपटली असती तरी चाललं असतं. फ्रेम नीट टेबलावर ठेवली, 'छान आहे' म्हणाली, आणि आत गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून हसली की हात तोंडावर. मग पुढे पुढे हाताचीही गरज लागेना. मला कधी सांगावं लागलं नाही परत, ओठ मिट म्हणून. शिंपीकाका एकदा म्हणाला, 'पोरगी मोठी झाली हो तुमची, गंभीर झाली.' मी म्हटलं, 'हो ना!' कौतुकाने म्हटलं मी! इतका मूर्ख माणूस बघितलाय का कधी?

मग कॉलेज झालं, नोकरी लागली, आणि दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बाईसाहेब घरी आल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, 'मी तारा लावतेय. उद्या पहिली वेळ आहे.' पंचविसाव्या वर्षी! कोणाला विचारलं नाही, की काही नाही. मी म्हटलं, 'मी येऊ?' म्हणाली, 'ये. आणि हो, डॉक्टर फोनवर म्हणाल्या, लहानपणचा एखादा फोटो आण, दात दिसणारा. कसे कसे सरकत गेले ते त्यांना बघायचंय.'

एखादा! फोटोग्राफरच्या मुलीचा एखादा फोटो! मी म्हटलं, ढीग आहेत. अल्बम काढले, डबे काढले, जुन्या निगेटिव्ह खिडकीशी धरून बघितल्या, कॉम्प्युटर उघडला. चार हजार फोटो हो! बारशापासून पदवीपर्यंत. मिटलेले. मिटलेले. मिटलेले. हनुवटी खाली आणि ओठ मिटलेले. उघडे फक्त तान्हेपणीचे, तेव्हा दातच नव्हते! आणि एक तो. बाकावरच्या मुलीचा. म्हटलं, ठीक आहे, त्याचा मूळ असेल, छत्री पडली तेव्हाचा, सुळ्यासकट... सगळं शोधलं. नव्हता. मी त्या दिवशी मूळ फोटोवरच सेव्ह केलं होतं. म्हणजे तिचं एकमेव खरं हसू होतं जगात, आणि ते मी माझ्या हाताने पुसून वर दुसरीचे दात ठेवले. हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, मूळ प्रत राखायची. मी दहाजणांना शिकवलंय.

बरं, एवढ्यावर तरी शहाणं व्हावं की नाही? रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी तीच फ्रेम कापडात बांधून नेली! आता का नेली, मला विचारू नका. डॉक्टरीणबाई तरुण, चटपटीत, पोरगी खुर्चीत आडवी, दोन्ही बाजूंनी गाल ताणून धरलेले, बोलायची सोय नाही. बाईंनी फ्रेम हातात घेतली, चष्मा वर केला. 'अय्या, लहानपणी इतके सुंदर होते? मग हे बिघडले कसे? काही अपघात झाला का?'

पोरगी खुर्चीतून माझ्याकडे बघतेय. नुसती बघतेय.

म्हटलं, 'डॉक्टर, अपघात नाही. ते दात... तिचे नाहीत.'

'म्हणजे?'

'तिच्या मैत्रिणीचे आहेत.'

सांगितलं सगळं. चिठ्ठीसकट. बाई चांगल्या हो, हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. शांतपणे एक्स-रे लावला आणि मला समजावलं, शाळेतल्या पोराला समजावतात तसं. 'काका, सात-आठव्या वर्षी एकदा दाखवायचं असतं. तेव्हा जबडा वाढत असतो, टाळूला प्लेट लावून रुंद करता येतो, दातांना जागा होते. आता हाड पक्कं झालंय. दात सरकतील, हळूहळू दाब दिला की पुढचं हाड विरतं आणि मागे नवं भरतं, ते कोणत्याही वयात होतं. पण जागा हवी. त्यासाठी दोन दात काढावे लागतील.'

म्हटलं, 'किडलेत?'

'नाही. चांगले आहेत.'

चांगले आहेत! दोन धडधाकट दात, ज्यांनी कोणाचं काही वाकडं केलं नाही, ते काढायचे, का तर बाप 'बघू' म्हणाला होता. मी विचारलं, 'तेव्हा आणलं असतं तर काढावे लागले नसते?' तर म्हणाल्या, 'कदाचित नसते. कदाचित तरीही लागले असते. आता नक्की नाही सांगता येत.' या 'कदाचित'ने माझं रक्त आटवलंय, तुम्हाला सांगतो. हो म्हणाल्या असत्या तर मनसोक्त रडलो असतो, नाही म्हणाल्या असत्या तर सुटलो असतो. कदाचित म्हणजे दोन्हीकडून अडकलो! ते दोन दात मी मागून घेतले. फिल्मचा रोल यायचा ना काळ्या डबीत, त्या डबीत ठेवलेत, काउंटरच्या खणात. खण ओढला की वाजतात.

आणि त्या भरात, दात हातात घेऊन उभा असताना, म्हणून गेलो, 'डॉक्टर, मला पण लावा.' आता बापाने प्रायश्चित्त घ्यायचं तर मुकाट्याने घ्यावं, तोंडात कशाला घ्यावं? पण लावल्या. आणि मग कळलं, पोरीने काय पत्करलंय ते! पहिले चार दिवस दात दातावर टेकत नाही. सफरचंद खायचं तर किसून. बिस्कीट चहात बुडवून, त्यातलं अर्धं तारेत, अर्धं चहात. तारेचं टोक गालात घुसतं, तिथे मेण लावायचं, ते मेण जेवताना गिळलं जायचं. आणि ती रबरं! वरच्या दाताला एक टोक, खालच्या दाताला दुसरं, दिवसभर ताणून, जांभई दिली की सुटलंच. एकदा सुटलं ते थेट एका साहेबांच्या कोटावर, त्यांना वाटलं बटण तुटलं, दोघं मिळून बटण शोधत बसलो. रोज सकाळी आम्ही बापलेक एका आरशासमोर, दोघांच्या हातात बारीक ब्रश, दोघांची तोंडं फेसाने भरलेली. पंधरा वर्षांत आम्ही एवढा वेळ शेजारी उभे राहिलो नव्हतो. ती मला मेण लावायला शिकवायची. 'बाबा, आ कर. अजून. हं.' पण हसायची? हसायची, ओठ मिटून.

आणि गेल्या महिन्यात तिच्या तारा निघाल्या. माझ्या अजून आहेत, म्हाताऱ्या हाडाला घाई नसते. मी कॅमेरा घेऊन गेलो होतो, चांगला, मोठा, लेन्स आदल्या दिवशी पुसलेली. आतून पक्कं ठरवलेलं, आज एक फोटो घ्यायचा. एकच. तिचा, तिच्या दातांचा, कोणाचाही काही न जोडता. बाईंनी शेवटची तार काढली, दात घासले, आरसा दिला. पोरीने बघितले. काय दात झाले होते हो! मी कॅमेरा वर केला. आणि तिने...

ओठ मिटले. हनुवटी जरा खाली घेतली. आणि हसली.

बाई सांगत होत्या, 'आता रात्री रिटेनर घालायचा बरं का, दातांना जुनी जागा आठवत राहते, सोडलं तर परत जातात.' मी कुठला ऐकतोय! म्हटलं, 'अगं, उघड ना आता! झाकू नकोस! अशी हस!' आणि दाखवायला म्हणून स्वतःच आ वासला, पडजीभ दिसेपर्यंत... आणि दोन्ही बाजूंची रबरं सट्टकन सुटली! एक बाईंच्या चष्म्यावर. दुसरं वर दिव्यावर, तिथून परत माझ्या टकलावर!

आणि पोरगी हसली. मान मागे टाकून, पोट धरून! तेच हसू, बाराव्या वाढदिवसाचं, रस्त्यापलीकडे जाणारं! बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. आणि मी बटण दाबलं. दाबलं हो! या वेळी चुकलो नाही.

स्टुडिओत येऊन उघडला. हललाय.

एकतीस वर्षांत एक फोटो हलला नाही माझा. तोच हलला. तोंड दिसतं, हसू दिसतं, पण दात म्हणजे एक पांढरा पट्टा, सरळ की वाकडे काही कळत नाही. मी म्हटलं, 'थांब, कॉम्प्युटरवर जरा धारदार करतो.' तिने माऊसवरचा माझा हात धरला. 'बाबा, हात लावायचा नाही. हाच मोठा कर. हाच लाव.' लावलाय. स्टुडिओच्या काचेत, अगदी दर्शनी. जिथे फोटोग्राफरने आपला सगळ्यात चांगला फोटो लावायचा असतो, तिथे मी हललेला फोटो लावून बसलोय. लोक थांबतात, बघतात, आणि पुढच्या स्टुडिओत जातात. घरी तिचे ओठ परत मिटलेले असतात. सवय. डॉक्टरीणबाईंकडे दातांसाठी रिटेनर आहे, ओठ उघडे राहायला काही नाही. मी विचारून आलोय.

तर तो आजचा पोरगा. तारावाला. कोट घालून बसला स्टुलावर, ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी आपणहून खाली, मला इतकी दया आली त्याची! कॅमेरा सोडून पुढे आलो. म्हटलं, 'अरे, मिटू नकोस. हस. तारा दिसू देत. जसं यायचं तसं हस! नंतर शोधलंस तर सापडणार नाही.' आयुष्यात पहिल्यांदा, त्या स्टुलावरच्या माणसाला मी असं म्हणालो. पहिल्यांदा!

तर तो गोंधळून म्हणतो, 'पण काका, पासपोर्टला दात दिसलेले चालत नाहीत ना? मागे, तुमच्या तारा नव्हत्या तेव्हा, तुम्हीच सांगितलं होतंत. दुसरीकडे हसून फोटो काढला म्हणून फॉर्म परत आला होता माझा.'

हो. चालत नाहीत. नियम आहे.

गेलो परत कॅमेऱ्यामागे. म्हटलं, 'बरं... ओठ मिट... हनुवटी जरा खाली...' आणि पुढचं काही म्हणालोच नाही.